पालकांना फोन लावण्याआधी : नाशिकच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, उपप्राचार्य आणि वसतिगृह अधीक्षक,
नाशिक शहर व जिल्ह्यातील सर्व कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालये.

विषय : तरुण मुलामुलींच्या नात्यांमधली मारहाण, धाक आणि पाळत, धोका ओळखणे आणि कॉलेजने करायच्या गोष्टी.

सप्रेम नमस्कार.

कॉलेजात एखादं ‘प्रकरण’ कानावर आलं की पुढचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. दोघांना केबिनमध्ये बोलावतात, झापतात, मुलाकडून माफीनामा लिहून घेतात आणि मुलीच्या वडिलांना फोन लावतात. काही ठिकाणी अजूनही राखी बांधायला लावतात. यामागे काळजी असते, हे आम्हाला मान्य आहे. पण नात्यात मार खाणाऱ्या मुलीला त्याच नात्यात अडकवून ठेवायला जे जे लागतं, त्यातलं बरंचसं या क्रमातच आहे. नाशिकमध्ये तरुण मुलामुलींचं समुपदेशन आणि त्यांना कायद्याची मदत करणारे आम्ही काही जण आहोत. हे पत्र त्या क्रमाबद्दल आहे.

त्रास देणाऱ्याकडचं सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे ‘तुझ्या घरी सांगतो’ हे वाक्य. त्याला फोटो लागत नाही, मित्र लागत नाहीत, हातही उचलावा लागत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. तेव्हा ‘घरी कळलं तर कॉलेज बंद आणि यंदाच लग्न’ ही अकरावीतल्या मुलीची भीती उगाच नाही. मुलगा दुसऱ्या जातीचा किंवा धर्माचा असेल तर ती दुप्पट होते. नातं दोन मुलींमधलं किंवा दोन मुलांमधलं असेल तर घरी कळण्याच्या नुसत्या विचारानेच माणूस गप्प बसतं. अशा वेळी कॉलेजची पहिली हालचाल घरी फोन करण्याची असेल, तर तो मुलगा आणि कॉलेज एकच धमकी देत असतात. मुलीला हे नीट कळतं. म्हणून ती केबिनमध्ये ‘काही नाही सर, आम्ही फक्त फ्रेंड्स आहोत’ म्हणते आणि संध्याकाळी त्याच्याच गाडीवर मागे बसते.

आकडा हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचा आहे : नात्यात राहिलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे २४ टक्के मुलींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते. हा जगभरचा अंदाज आहे. आपल्याकडच्या पाहण्या मुख्यतः नवऱ्याबद्दल विचारतात, त्यामुळे बॉयफ्रेंडने मारलेली थप्पड सहसा कुठे मोजलीच जात नाही.

धोका कुठे जास्त असतो याबद्दल मात्र देशोदेशीच्या अभ्यासांत बऱ्यापैकी एकमत आहे. मारणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर घरात मारहाण बघत मोठं होणं, लहानपणी स्वतः बेदम मार खाणं, शाळेपासूनच्या मारामाऱ्या, दारू, ‘पोरीला धाकात ठेवावं लागतं’ म्हणणारा मित्रांचा घोळका. सोसणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर फार लहान वयात सुरू झालेलं नातं, जोडीदाराच्या वयातलं मोठं अंतर, नैराश्य, आधी कधी झालेला अत्याचार, घरात मोकळं बोलायला कुणी नसणं. यात सोसणाऱ्याचा दोष कुठेही नाही. अशा मुलीला गाठणं सोपं जातं, इतकाच त्याचा अर्थ. आणि यातला एकटा घटक फारसं काही सांगत नाही. वडील आईला मारायचे म्हणून मुलगा मारणारच असं गणित कृपा करून मांडू नका, बरीच मुलं नेमकी त्याच कारणाने हात आवरतात. तीन-चार गोष्टी एकत्र आल्या की लक्ष घालायचं.

मारण्याला मिळणारी मान्यता हा घटक तर सगळ्यांच्याच घरात आहे. वर सांगितलेल्या पाहणीत देशातल्या सुमारे ४५ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले की काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे. प्रथम वर्षाला प्रवेश घेणारी मुलं-मुली याच घरांतून येतात. ‘प्रेम आहे म्हणूनच रागावतो ना’ हे कॉलेज रोडवरच्या कॅफेत कुणी शिकवत नाही. तरी कॅफेवर धाडी पडल्या की सगळ्यांना काहीतरी केल्यासारखं वाटतं. धाडीत सापडण्याच्या भीतीने मुलं गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला किंवा पहिनेच्या रस्त्याला आणखी निर्जन जागी जातात, जिथे ओरडलं तरी कुणी येत नाही. याला सुरक्षितता म्हणता येत नाही.

आपल्या जिल्ह्याचा म्हणून एक घटक आहे, त्यावर आम्ही मुद्दाम थांबतो : अवलंबून राहणं. पेठ, सुरगाणा, कळवणकडून आलेली मुलगी गंगापूर रोडच्या आसपास कॉट बेसिसवर राहते. घरून पैसे महिन्याला एकदा येतात आणि द्राक्षाचा किंवा टोमॅटोचा भाव पडला की तेही लांबतात. सातपूर-अंबडच्या कंपनीत लागलेला, तिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा मुलगा आधी मोबाइलचा रिचार्ज मारतो, मग मेसचे पैसे भरतो, मग परीक्षेची फी. सीबीएस बसस्थानकावरून उशिराची एसटी चुकली की गाडीवर सोडतो. सुरुवातीला हे सगळं चांगुलपणानेच होतं, आणि बऱ्याच नात्यांत पुढेही चांगुलपणाच राहतो. पण बिघडतं तिथे हिशेब निघतो : मी तुझ्यावर इतके खर्च केले, आता माझं ऐकायचं. नातं तोडायचं तर मेस, फी आणि गाडी एकदम जाते, म्हणून ती तोडत नाही. अशा मुलीला ‘त्याला सोडून दे’ हा सल्ला फुकट आहे. तिला फीचे हप्ते, कमवा आणि शिका योजनेत जागा, वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत वरचा क्रमांक यांतलं काहीतरी द्यावं लागतं, आणि ते देणं कॉलेजच्या हातात आहे. शिष्यवृत्तीचा अडकलेला अर्ज कार्यालयाने आठवडाभर आधी हलवला तर त्याचा उपयोग दहा व्याख्यानांपेक्षा जास्त होतो.

आता दिसतं काय, ते. प्राध्यापकांच्या आधी लॅब असिस्टंट, ग्रंथालयातले कर्मचारी, मावशी आणि गेटवरचे वॉचमन यांना दिसतं. वीस जणांच्या प्रॅक्टिकल बॅचमध्ये एक मुलगी दर पंधरा मिनिटांनी ‘घरून फोन आहे’ म्हणून बाहेर जाते. बाहेर गेल्यावर व्हिडिओ कॉल लावून मोबाइल हळूहळू फिरवते, शेजारी कोण उभं आहे ते दाखवायला. महिनाभरात बॅच बदलून मागते आणि कारण सांगत नाही. मैत्रिणींच्या डब्यातून उठून एकटी बसायला लागते. स्नेहसंमेलनात घेतलेलं नाव ऐनवेळी मागे घेते. इन्स्टाग्रामवरून सगळी मुलं काढून टाकते. एप्रिलच्या उन्हात फुल बाह्यांचा टॉप हे लक्षण सगळ्यांना पाठ असतं, पण ते फार उशिरा दिसतं; कित्येकदा दिसतच नाही, कारण मार लागलेला नसतो. पासवर्ड मागणं, लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला लावणं, कोणाशी बोलायचं आणि काय घालायचं ते ठरवणं इथून सुरुवात होते. मुलीला ते सुरुवातीला काळजी वाटतं, कधी कधी मिरवण्यासारखंही वाटतं.

मुलगेही सोसतात, हे इथेच सांगून टाकतो. मुलीने मोबाइल फोडणं, चारचौघांत थप्पड मारणं, ‘तुझ्यावर केस टाकीन’ म्हणून पैसे काढणं हे होतं, आणि मुलगा हसण्यावारी नेतो कारण मित्र हसतील. समुपदेशकाची पाटी ‘विद्यार्थिनींसाठी’ अशी असेल तर तो दार वाजवणार नाही. गंभीर दुखापत आणि जिवाची भीती मात्र मुलींच्या वाट्याला कितीतरी जास्त येते, म्हणून पुढचं बरंचसं मुलींना धरून लिहिलं आहे.

काही खुणा अशा आहेत की त्या ऐकल्यावर ‘बघू, सोमवारी बोलू’ म्हणायचं नसतं. पहिली म्हणजे गळा दाबणं. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की जोडीदाराने आधी कधी गळा दाबला असेल तर पुढे त्याच्याकडून खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त असते. मुली हे ‘त्याने गळा धरला’ इतक्या साधेपणाने सांगतात की ऐकणारा पुढे जातो. गळ्यावर वळ नसले तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत किंवा पापण्यांवर बारीक लाल ठिपके, काही क्षण शुद्ध हरपणं, नकळत लघवी होणं यांतलं काही असेल तर त्याच दिवशी तिला जिल्हा रुग्णालयात न्यायचं. त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही वाढतो. दुसऱ्या खुणा : ‘माझी नाही तर कुणाचीच नाही’ ही भाषा, चाकू किंवा ॲसिडचा उल्लेख, पाठलाग, मनाविरुद्ध शरीरसंबंध, मारहाणीचं अंतर महिन्यावरून आठवड्यावर येणं. तिला सरळ विचारा, ‘तो तुला मारून टाकेल असं तुला वाटतं का?’ ती हो म्हणाली तर तो अतिशयोक्तीचा भाग समजू नका.

आणि सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे नातं तोडतानाचा आणि त्यानंतरचे काही आठवडे. हे उलटं वाटतं. घरचे, शिक्षक, मैत्रिणी सगळ्यांना वाटतं की ब्रेकअप झालं, सुटली. नेमकं तेव्हाच सगळ्यांचं लक्ष उडतं आणि त्याचा ताबा सुटल्यामुळे तो पेटलेला असतो. ‘शेवटचं एकदा भेट, तुझ्या वस्तू परत देतो’ हे निमंत्रण कधीही स्वीकारायचं नाही. सोमेश्वरला नाही, पांडवलेणीला नाही, त्याच्या मित्राच्या रूमवर तर नाहीच. वस्तू तिसऱ्याच्या हाती परत जातात, किंवा जात नाहीत. नकार एकदाच, लेखी, मेसेजवर, कारणं न देता : ‘मला हे नातं ठेवायचं नाही. यापुढे मला संपर्क करू नकोस.’ याला कायद्याचंही महत्त्व आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये पाठलागाचा गुन्हा ठरताना, मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही तो वारंवार संपर्क करतो का, हे पाहिलं जातं. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या मेसेजनंतर उत्तर द्यायचं नाही. एकोणीस फोन सोडून विसावा उचलला तर विसावा लागतो इतकंच तो शिकतो. पुढचे सहा-आठ आठवडे तिची येण्या-जाण्याची वेळ आणि बसस्टॉप बदलावा, गेटपर्यंत कुणीतरी सोबत असावं, आणि वॉचमनकडे त्याचा फोटो व गाडीचा नंबर असावा. हजेरीत सूट द्यावी लागली तर द्यावी.

याच काळात मुलगा हात कापून फोटो पाठवतो, ‘गोदावरीत उडी मारतो’ म्हणतो. ही धमकी खोटी समजून सोडू नये, आणि ती खरी समजून मुलीने धावतही जाऊ नये. त्याच्या घरच्यांना किंवा जवळच्या मित्राला कळवायचं, वेळ कमी असेल तर ११२ला फोन करायचा, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच्यापर्यंत पोचवायचा. तो आपल्याच कॉलेजचा असेल तर समुपदेशकाने त्याला स्वतंत्र बोलवायचं. त्याचा जीव वाचवणं हे मोठ्या माणसांचं काम आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीवर ते टाकू नका.

मोबाइलबद्दल. मुलगी तुमच्यासमोर बसलेली असताना घाईने सगळे पासवर्ड बदलायला लावू नका. त्याला तासाभरात कळतं आणि ती रूमवर एकटी असते. आधी ती आज रात्री कुठे झोपणार ते ठरवा. मग व्हॉट्सॲपमध्ये लिंक केलेली उपकरणं तपासा, गूगल खात्यात दुसऱ्या कुठल्या फोनवरून लॉगिन आहे ते पाहा, स्नॅपचॅटचा नकाशा आणि लोकेशन शेअरिंग बंद करा. पुरावा पुसायचा नाही. स्क्रीनशॉटमध्ये नंबर किंवा प्रोफाइलचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नुसत्या स्क्रीनशॉटवर थांबू नका, मूळ चॅट आणि तो फोन जपून ठेवा, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं.

इथे शिक्षकांकडून एक गंभीर घोळ होतो. तक्रार आली की ‘तो फोटो मला पाठव, प्राचार्यांना दाखवतो’ म्हणून खाजगी फोटो स्टाफच्या मोबाइलवर येतो आणि तिथून ग्रुपवर. मुलगी अठराच्या आतली असेल तर असा फोटो जवळ ठेवणं किंवा पुढे पाठवणं हाच पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. फोटो मागू नका, पाहू नका. काय आहे ते शब्दांत लिहून घ्या आणि १९३० या सायबर क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तिच्यासोबत बसून तक्रार नोंदवा. समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी असा मजकूर तक्रारीनंतर जास्तीत जास्त २४ तासांत काढावा, असं २०२१च्या नियमांनी ठरवलं होतं; २०२६च्या दुरुस्तीने ही मुदत आणखी कमी केली आहे. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

वयाचा प्रश्न कनिष्ठ महाविद्यालयांसाठी सर्वांत अवघड आहे. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना न कळवणं हा पॉक्सोच्या कलम २१खाली गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यामुळे ‘तू मला काहीही सांग, मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन कुणीही शिक्षकाने देऊ नये. पहिल्या पाच मिनिटांतच सांगायचं : ‘तू बोल. पण तू अठराच्या आतली आहेस, आणि काही गोष्टी कळल्या तर मला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कळवायच्या आधी मी तुला सांगेन, तुझ्यासोबत राहीन.’ दोघंही सतरा वर्षांची असतात आणि मारहाण-जबरदस्ती काहीच नसते, अशा नात्यांनाही हाच कायदा लागू होतो. आम्हाला हे बोचतं, पण कायदा आज तसा आहे आणि मुलांना तो आधी माहीत असायला हवा.

वरिष्ठ महाविद्यालयांत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती आहे, निदान फलकावर तरी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांप्रमाणे तीत निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, विद्यार्थ्यांशी संबंधित तक्रारीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात आणि बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती लागते. तक्रार ३ महिन्यांत करायची, कारण असेल तर आणखी ३ महिने मिळतात, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची. घटनांची मालिका असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. ‘पहिली थप्पड गेल्या वर्षीची’ म्हणून तक्रार परत करू नका. मुलगा बाहेरचा असेल तर ‘आमच्या अखत्यारीत नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत, पोलिसांत तक्रार करायला मदत करणं हे संस्थेचं काम आहे. मुलगी दिंडोरीची, घटना गंगापूर रोडची, मुलगा सिन्नरचा, असं असलं तरी शहर पोलीस की ग्रामीण पोलीस या वादात तिला फिरवू देऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतलेली तक्रार, नोंदवता येतो. रात्री राहायला जागाच नसेल तर सखी वन स्टॉप सेंटर या स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात पाच दिवसांपर्यंत सोय होते. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला तरी रस्ता मिळतो. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन. घरगुती हिंसाचार कायदा मात्र एका छताखाली न राहणाऱ्या जोडप्याला सहसा लागू होत नाही, त्यामुळे तिला त्या भरवशावर पाठवू नका.

समेटाबद्दल इतकंच : दोघांना समोरासमोर बसवू नका. ती त्याच्यासमोर खरं बोलत नाही, आणि जे बोलते त्याची किंमत बाहेर पडल्यावर मोजते.

मग पालकांना कधीच सांगायचं नाही का? सांगायचं, पण क्रम बदलून. आधी मुलीला एकटीला विचारा : घरात कुणाला सांगितलं तर तुला मार बसणार नाही? बरेचदा उत्तर वडील नसतं. मावशी असते, मोठा भाऊ असतो, आत्या असते. त्या माणसाला आधी बोलवा. नातेवाइकांसमोर ‘प्रेमप्रकरण’ हा शब्द न वापरता ‘एक मुलगा तिला त्रास देतोय, ती हुशार आहे, कॉलेज तिच्या पाठीशी आहे’ असं म्हणा. दाखला हातात देऊ नका. ती अठराच्या पुढची असेल तर तिच्या परवानगीशिवाय घरी काहीही कळवू नका. अपवाद जिवाच्या धोक्याचा.

मुलग्यांसाठी एका दिवसाचं व्याख्यान ठेवून फार काही होत नाही, हे आयोजकांनाही माहीत असतं. मुंबईत २०१०च्या सुमारास ‘परिवर्तन’ या कार्यक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांनाच तयार करून सरावाच्या वेळी मुलांशी थोडं थोडं बोलायला लावलं होतं. आपल्याकडे गोल्फ क्लब मैदानावर सराव घेणारे प्रशिक्षक आहेत, एनसीसी आहे, जिमचे ट्रेनर आहेत आणि ढोल पथकांचे प्रमुख आहेत, ज्यांचा शब्द ही मुलं घरच्यांपेक्षा जास्त ऐकतात. ‘तिला नाही म्हणायचं असेल तर तू काय करशील?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून दर आठवड्याला दहा मिनिटं निघाला तरी पुरे.

आणि मुलं सगळ्यात आधी सांगतात ती मित्र-मैत्रिणींना. दर वर्गातल्या चार जणांना दोन तासांत इतकं शिकवता येतं : ऐकून घ्या, ‘तू त्याच्याकडे परत का गेलीस’ विचारू नका, त्याच्याशी भांडायला जाऊ नका, गळा-चाकू-ॲसिड-आत्महत्या यांतलं काही ऐकलं तर त्याच दिवशी ठरलेल्या शिक्षिकेला सांगा. त्या शिक्षिकेचं नाव आणि बसण्याची वेळ मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून लावा. बाहेरच्या फलकासमोर उभं राहून नंबर उतरवून घेणारी मुलगी त्याच्या मित्रांनाही दिसते.

येत्या सत्राच्या प्रवेशाच्या वेळी, शुल्काची पावती देतानाच वर दिलेले मदतीचे क्रमांक आणि समितीच्या सदस्यांची नावं छापलेला कागद द्यावा, लॅब असिस्टंट, मावशी आणि वॉचमन यांच्यासाठी दोन तासांचं एक सत्र ठेवावं, आणि ‘पालकांना कळवणे’ ही ओळ शिस्तीच्या नियमावलीत पहिल्या क्रमांकावर असेल तर ती खाली न्यावी, अशी विनंती आहे. सत्र घ्यायला आम्ही विनामूल्य येऊ. शनिवारी दुपारी चालेल, कर्मचाऱ्यांना ती वेळ बरी पडते.

आपले,
नाशिकमधील समुपदेशक आणि विधी सहाय्य कार्यकर्ते